रिंग कमरेवर का टिकते, आणि पावसाळ्यात ती का फिरवावी

जत्रेतून प्लास्टिकची रिंग घरात आली की एक गंमत घरोघरी घडते. तिसरीतली मुलगी ती कमरेत घालते, एक हिसडा देते आणि गप्पा मारत मारत फिरवत राहते. मग आई, मावशी, काका एकेक करून पुढे येतात आणि प्रत्येकाची रिंग दोन फेऱ्यांत पायांत येऊन पडते. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर भारा घेऊन चढ चढणारी बाई काय, किंवा महाडच्या एमआयडीसीत पाळीभर उभ्याने काम करणारा माणूस काय, यांच्या अंगात ताकद कमी नाही. मग आठ वर्षांच्या पोरीला जमतं ते यांना का जमू नये? लहान मुलांचं अंग लवचीक असतं, असं आपण सांगून टाकतो. हे उत्तर बरंचसं चुकीचं आहे. खरं कारण रिंगच्या आकारात आणि कमरेच्या ठेवणीत आहे. ते कळलं की हुला हूप म्हणून शहरांतल्या व्यायामवर्गांत मिरवणारी ही वस्तू अंगाला नेमकं काय देते आणि काय देत नाही, हेही कळतं. महाड-पोलादपूरसारख्या धो धो पावसाच्या मुलखात तिला घरात जागा द्यावी असं मला का वाटतं, ते पुढे सांगतो. पण आधी रिंग टिकते कशी ते पाहू.

रिंगला आधार कशाचा?

तर्जनी आकाशाकडे करून तिच्यात एक बांगडी अडकवा आणि फिरवा. बोट ताठ आणि स्थिर ठेवलं तर बांगडी लगेच मंदावते आणि खाली घसरते. बोटाने अगदी लहानसं वर्तुळ काढत राहिलात तर ती फिरत राहते. कमरेवरच्या रिंगची गोष्ट हीच आहे. फिरणारी रिंग सतत बाहेर निसटू पाहत असते, शरीर तिला आत ओढून धरतं, आणि त्यामुळे रिंग अंगावर जोराने दाबली जाते. हा दाब एका जागी राहत नाही. तो पोट, कूस, पाठ, दुसरी कूस असा कमरेभोवती फिरतो. प्रत्येक फेरीत हवा आणि कापडाचं घर्षण रिंगचा थोडा वेग खातात. तेवढा वेग शरीराने परत द्यायचा असतो, तोही रिंग जिथे टेकली आहे तिथूनच आणि त्याच क्षणी. क्षण चुकला तर दिलेला धक्का रिंगला पुढे ढकलत नाही, उलट अडवतो. नवशिका माणूस जीव खाऊन कंबर गरगरा फिरवतो आणि तरी रिंग पडते ती यामुळे. जोर भरपूर असतो, पण अवेळी लावलेला असतो.

इथवर रिंग का फिरत राहते हे कळलं, पण ती खाली का पडत नाही हे नाही. दाब आडवा आहे आणि वजन खाली ओढतं आहे. आडव्या दाबाने उभं वजन पेलायचं कसं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. न्यू यॉर्क विद्यापीठातल्या लीफ रिस्ट्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी माणसाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढे वेगवेगळ्या आकारांचे ठोकळे छापून घेतले, मोटारीवर बसवून ते घुमवले आणि त्यांच्यावर लहान रिंगा सोडून वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. २०२४ च्या अखेरीस हे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. सरळ नळकांड्यावर रिंग टिकली नाही. शंकूवर ती एक तर वर चढत गेली किंवा घसरून पडली. टिकली ती फक्त मध्ये आवळलेल्या, वर-खाली रुंद होत जाणाऱ्या आकारावर. आडवा छेद गोल आहे की लंबगोल, याने विशेष फरक पडला नाही.

कारण असं. कमरेच्या खाली नितंबांकडे शरीर रुंद होत जातं, म्हणजे तिथली कातडी किंचित वरच्या बाजूला तोंड करून असते. अशा उतारावर रिंग दाबली गेली की उतारही रिंगला उलट रेटतो आणि त्या रेट्याचा थोडा भाग वरच्या दिशेने जातो. तेवढ्यावर रिंगचं वजन पेललं जातं. पण टिकून राहायला नुसता उतार पुरत नाही, त्याला वळण लागतं. रिंग जराशी खाली सरकली की तिथे उतार अधिक पसरट असतो, वरचा रेटा वाढतो आणि ती पुन्हा वर येते. जास्त वर गेली तर तिथे शरीर जवळजवळ उभं सरळ असतं, रेटा कमी पडतो आणि ती खाली येते. शंकूला हे वळण नसतं, म्हणून तिथे रिंग एका जागी ठरत नाही. कमरेत आवळलेल्या बांध्याच्या लोकांना रिंग पटकन का जमते आणि वरून खालपर्यंत सारख्या मापाच्या देहाला मेहनत का पडते, याचं उत्तर या वळणात आहे. मेहनत पडते म्हणजे जमत नाही असं नाही. अशा माणसाला वेग जरा जास्त ठेवावा लागतो आणि अंग अधिक हलवावं लागतं, एवढंच.

मोठ्या माणसाला मोठी रिंग

आता पोरीचं आणि आईचं कोडं सुटतं. रिंग टिकवणारा दाब दोन गोष्टींवर अवलंबून आहे: फिरण्याचा वेग, आणि रिंग कमरेपेक्षा किती मोठी आहे. जत्रेतली रिंग साधारण ६० सेंटीमीटर व्यासाची धरा. मुलीची कंबर १८ सेंटीमीटर रुंद असेल तर रिंगचं केंद्र कमरेभोवती २१ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतं. आईची कंबर ३० सेंटीमीटर रुंद असेल तर त्याच रिंगला १५ सेंटीमीटरच मिळतात. तेवढाच दाब निर्माण करायला आईला जवळजवळ पाचव्या हिश्शाने जास्त वेग लागतो, आणि मोठ्या देहाची हालचाल मुळातच संथ असते. म्हणजे मुलीच्या मापाची वस्तू आईच्या हातात देऊन आपण आईला नापास ठरवतो. तिला एक मीटर व्यासाची रिंग दिली तर ती सावकाश फिरते, रिंग पोटापाशी कधी आली हे कळायला वेळ मिळतो, आणि बहुतेकांना थोड्या दिवसांत जमतं.

वजनाबद्दलही एक गैरसमज आहे. जड रिंग टिकायला सोपी असं सांगतात. रिंगचं वजन दुप्पट केलं तर तिला खाली ओढणारा जोर दुप्पट होतो आणि अंगावरचा दाबही दुप्पट, त्यामुळे टिकण्याच्या हिशेबात वजन कटून जातं. जड रिंगचा फायदा इतकाच की हवा आणि कापड तिचा वेग लवकर खात नाहीत आणि तुमची एखादी चूक ती पोटात घालते. तोटा मात्र खरा आहे. एक मीटरची रिंग सेकंदाला दोन फेऱ्या घेत असेल तर अंगावरचा दाब तिच्या वजनाच्या पाचपटीहून जास्त भरतो. दीड किलोची रिंग म्हणजे आठ किलोंचा दाब कमरेभोवती सेकंदाला दोनदा फिरतो आहे. पहिल्या आठवड्यात कमरेवर काळेनिळे वळ उठतात ते यामुळे. म्हणून सुरुवात हलक्या आणि मोठ्या रिंगने करावी. लहान, जड आणि आतून बोचऱ्या उंचवट्यांची रिंग दुकानदार कितीही कौतुकाने पुढे करो, ती घेऊ नये.

चौकट: रिंग घरच्या घरी
*झऱ्याचं पाणी घरापर्यंत आणायला वाड्यांवर जो काळा प्लास्टिकचा पाईप वापरतात, तो २५ मिलिमीटरचा पाईप रिंगला उत्तम. सव्वातीन मीटरच्या आत एक तुकडा लागतो, ३.१४ मीटरला बरोबर एक मीटर व्यास येतो. टोकं गरम पाण्यात धरून मऊ करावीत, आत जोडणी बसवावी आणि सांधा चिकटपट्टीने गुंडाळावा. वजन साधारण अर्धा किलो भरतं. जुन्या सुती साडीची पट्टी वरून घट्ट गुंडाळली तर रिंग घसरत नाही आणि वळही कमी उठतात. उभी धरल्यावर रिंग बेंबी ते छाती यांच्या मध्ये कुठेतरी पोचली म्हणजे माप योग्य.*

अंग नेमकं काय करतं

बघणाऱ्याला वाटतं सगळी करामत कमरेची. रमेश बालसुब्रमण्यम आणि मायकेल टर्व्ही या दोघांनी २००४ साली रिंग फिरवणाऱ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा दिसलं की नितंब, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे ठरावीक मेळाने काम करतात. त्या हालचालीत दोन वेगळे भाग निघाले. नितंब आणि घोटे मिळून रिंगला आडवी फिरती ठेवतात, आणि गुडघे ती ठरावीक उंचीवर तोलून धरतात. गुडघे ताठ ठेवून रिंग फिरवायला गेलं की ती हळूहळू खाली उतरते, त्यामागे हेच आहे. म्हणून एक पाय किंचित पुढे, गुडघे सैल, आणि कंबर गरागरा न फिरवता पुढे-मागे झुकवायची. रिंग पोटापाशी आली की पोट पुढे. एवढं एक सूत्र सांभाळलं तर बाकीचं अंग आपोआप शिकतं.

यात पोटाचे सरळ आणि तिरके स्नायू, कण्यालगतचे लांब स्नायू, नितंब आणि मांड्या आळीपाळीने आवळतात आणि सुटतात. दाब पाठीकडे गेला की पाठ काम करते, पोटाकडे आला की पोट. डोकं मात्र जागचं हलत नाही. वरचं अंग स्थिर ठेवून खालचं हलवण्याची ही कला आपल्याकडच्या बायकांना नवी नाही. डोक्यावर एकावर एक दोन हंडे ठेवून चढउताराच्या वाटेने येणारी बाई हेच करत असते, फक्त उलट हेतूने: तिला वरचं पाणी हिंदळू द्यायचं नसतं. योग्य मापाची रिंग दिली तर अशा बाईला ती शहरातल्या खुर्चीबहाद्दरापेक्षा लवकर जमावी, असा माझा अंदाज आहे.

कंबर खरंच बारीक होते का?

जाहिरातींचा सगळा भर इथे असतो, म्हणून पुरावा नीट पाहू. हेलसिंकीतल्या संशोधकांनी २०१९ साली वजन जास्त असलेल्या ५३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाने सहा आठवडे दीड किलोची रिंग रोज सरासरी १३ मिनिटं फिरवली आणि सहा आठवडे रोज जवळजवळ दहा हजार पावलं चालणं केलं. कुणी आधी हे, कुणी आधी ते. रिंगच्या काळात कमरेचा घेर सरासरी ३.१ सेंटीमीटरने कमी झाला, चालण्याच्या काळात ०.७ सेंटीमीटरने. धडाचे स्नायू वाढले आणि अपायकारक मानलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉलही रिंगने उतरलं. वरचा रक्तदाब मात्र चालण्याने उतरला. म्हणजे दोन्ही व्यायामांचे फायदे निरनिराळे आहेत, आणि रिंग आली म्हणून चालणं सोडायचं कारण नाही.

यावर शंका घेणारा विचारेल, आणि त्याने विचारावंच: पन्नासएक माणसं, सहा आठवडे, यावरून केवढा निष्कर्ष काढायचा? फार मोठा नाही. शिवाय त्या लोकांचं एकूण वजन जवळपास तेवढंच राहिलं. पोट आवळून धरणारे स्नायू बळकट झाले की घेर कमी भरतो, त्यात चरबी किती गेली आणि स्नायूंचा ताठरपणा किती, हे फितीने कळत नाही. तिथे यंत्राने मोजलेली धडाची चरबीही घटलेली होती, एवढं खरं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या दुसऱ्या एका पाहणीत १६ स्त्रियांनी रिंगच्या वर्गात मिनिटाला सरासरी ७ कॅलरी खर्च केल्या आणि त्यांचे ठोके मिनिटाला सरासरी १५१ भरले. पण त्या सरावलेल्या होत्या आणि रिंग कमरेखेरीज हातांवरही नाचवत होत्या. तोच आकडा धरला तरी १३ मिनिटांत ९० कॅलरी जातात. त्यात अर्धा वडापावही बसत नाही. पोट वितळवायला रिंग घेणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. धडाला ताल, जोर आणि सुटेपणा यावा म्हणून घेणाऱ्याची होणार नाही.

फुगडी असताना रिंग कशाला?

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. गौरी-गणपतीत गावोगावच्या ओटीवर आणि अंगणात रात्र जागवणाऱ्या बायकांना कुणी व्यायाम शिकवायची गरज नसते. फुगडीत दोघी पायाला पाय लावून, हात तिढ्याने घट्ट धरून मागे रेलतात. प्रत्येकीचा तोल दुसरीच्या हातात असतो. वेग दुप्पट झाला की हातांवरचा ताण चौपट होतो. जोरात फिरताना तो स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भरू शकतो. पंजा, खांदे, मांड्या, पोटऱ्या सगळं त्यात कामाला लागतं. बसफुगडीत तर मांड्यांची जी परीक्षा होते ती कोणत्याही जिममध्ये घाम काढणारी आहे. शिवाय फुगडीत डोकंही फिरतं. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव फिरू लागतो आणि थांबल्यावरही क्षणभर फिरत राहतो, म्हणून घर गरगरल्यासारखं वाटतं. तोल सांभाळणाऱ्या या यंत्रणेला असा व्यायाम रिंग देऊ शकत नाही, कारण रिंगमध्ये डोकं स्थिर असतं.

मग फुगडीच सरस, हे मान्य. अडचण एवढीच की ती सणासुदीच्या थोड्या रात्रींत आटोपते, तिला जोडीदारीण लागते, आणि चक्कर येणाऱ्या किंवा मनगट दुखणाऱ्या बाईला ती पेलत नाही. रिंग रोज, एकटीने, पाच मिनिटांच्या फुरसतीत करता येते. रिंग परकी आहे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की तिचा आजचा अवतार जन्मला तो ऑस्ट्रेलियात व्यायामासाठी वापरल्या जाणाऱ्या बांबूच्या कड्यांवरून. १९५८ साली अमेरिकेतल्या व्हॅम-ओ कंपनीने ती प्लास्टिकची केली आणि पहिल्या चार महिन्यांत अडीच कोटी विकल्या. बांबू तर आपल्या परसात आहे. साडीत जमेल का, ही शंकाही जुनी झाली: २०२० मध्ये दिल्लीच्या ईशना कुट्टीने साडी नेसून रिंग फिरवल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. सुती साडीवर रिंग चांगली पकड घेते, गुळगुळीत गाऊनवरून मात्र सटकते.

व्हॅम-ओच्या त्याच गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ती लाट वर्ष संपायच्या आतच ओसरली. लोक कंटाळले. फुगडी मात्र पिढ्यान् पिढ्या टिकली, कारण तिला संगत आहे, गाणी आहेत, चढाओढ आहे. रिंग एकट्याने फिरवता येते हा तिचा गुण आहे आणि तोच तिचा दोषही. चौघी जमून आळीपाळीने फिरवली तर ती टिकेल. एकटीची रिंग महिन्याभरात माळ्यावर जाईल.

राबणाऱ्या अंगाला आणखी व्यायाम?

महाड-पोलादपूरच्या शेतकरणीला व्यायाम सुचवणं हा शहरी आगाऊपणा आहे, असं कुणी म्हटलं तर ते अर्धं बरोबर आहे. भातलावणीच्या दिवसांत चिखलात ओणवं राहून सकाळची संध्याकाळ होते. त्या कमरेला आणखी ओझं नकोच. दीड किलोची रिंग तर मुळीच नको. पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. लावणीत कणा तासन्‌तास एकाच दिशेला वाकलेला असतो, भाऱ्याखाली तो ताठ धरावा लागतो. बाजूला झुकणं आणि सैल फिरणं त्याच्या वाट्याला क्वचित येतं. उभं राहून हलक्या रिंगने केलेली तीन-चार मिनिटांची हालचाल ही उणीव थोडी भरून काढते, एवढाच माझा दावा आहे. कारखान्यात एका जागी उभं राहणाऱ्याला, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला आणि दहावीच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीला तिचा उपयोग याहून जास्त.

आणि पावसाचा मुद्दा तर वादाच्या पलीकडचा आहे. या दोन तालुक्यांत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. २०२१ च्या जुलैत सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड बुडालं आणि तळियेवर दरड कोसळली, तसले दिवस सोडा. साध्या श्रावणातसुद्धा वरंध आणि आंबेनळी घाटांकडच्या गावांत सकाळी फिरायला बाहेर पडणं होत नाही. डॉक्टर मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाला रोज चाला म्हणून सांगतात, आणि चार महिने तो सल्ला भिंतीवरच्या कॅलेंडरखाली लटकत राहतो. एक मीटरच्या रिंगला फिरायला दोन मीटर मोकळी जागा पुरते, म्हणजे पडवीचा एक कोपरा. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान दंडक रोजच्या २० मिनिटांच्या आसपास येतो. त्यातली निम्मी रिंगने आणि निम्मी घरातल्या घरात चालून भरली तरी पावसाळा वाया जात नाही.

रिंग एकाच बाजूला फिरवायची सवय लवकर लागते. जितका वेळ उजवीकडे तितकाच डावीकडे फिरवावी, नाहीतर एकीकडचे स्नायू जास्त काम करतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन मिनिटांवर थांबावं. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांनी, पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी, हर्निया, सरकलेली चकती किंवा ठिसूळ हाडं असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिंगला हात लावू नये. बाकीच्यांसाठी खर्च सव्वातीन मीटर पाईपचा आहे. दोन्ही तालुक्यांतल्या शाळांनी आणि बचत गटांनी मे महिन्यातच मोठ्या मापाच्या चार-पाच रिंगा करून ठेवाव्यात, म्हणजे पाऊस लागला की त्या हाताशी असतील.